संबंध कमी झाला

दि. १२ मार्च

ती. सौ. ताईस,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही, विशेष आहे.

मी बरी आहे. झोप लागते, दोन घास जातात, कामावर जाते. कारखान्यात टेलिफोनचा नवा बोर्ड आलाय, त्याच्यासमोर बसणारी मात्र मीच. तुझ्या चष्म्याच्या दुकानात नवी काचेची कपाटं केलीत असं भावोजी म्हणाले. छान झालं. संपल्या इकडच्या तिकडच्या गप्पा.

आता सांग, माझ्या पोरीच्या, बिट्टीच्या डोक्यात काय भरवलंस तू?

थांब, 'मी असं म्हणालेच नव्हते' हे तुझं पालुपद सुरू व्हायच्या आत मीच सांगते. त्या दिवशी इस्पितळात तू माझ्या शेजारी बसली होतीस. नैराश्याच्या गोळ्या सुरू करायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, त्या ठकठकणाऱ्या यंत्रात निजवून माझ्या मेंदूची चित्रं काढली होती. माझ्यासारखे बरेच जण त्या अभ्यासात होते. संशोधक बाईंनी आपल्याला नीट समजावलं. नैराश्यात मेंदूचे काही भाग, जे स्वतःचाच विचार करत बसतात ते, एकमेकांना गरजेपेक्षा घट्ट धरून असलेले दिसतात. उपचारानंतर त्यांच्या अभ्यासातल्या पुष्कळ जणांत त्या भागांमधला संबंध कमी झाला. शिवाय हेही बजावलं की एकट्या माणसाच्या चित्रावरून काही ठरवू नका, आम्हालाच अजून पुरतं कळलेलं नाही.

तू त्यातलं काय ऐकलंस? 'संबंध कमी झाला.' बस्स! दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतेस, स्वतःचे कान कुठे गहाण टाकले होतेस? घरी जाऊन तुझ्या सासूबाईंना, शेजारणीला, सगळ्यांना सांगितलंस की गोळ्यांनी हिच्या डोक्यातले संबंधच तुटले, आता हिला कुणाचं काही वाटत नाही.

माझ्या भाषेत सांगते. बोर्डावर दोन लाइनी एकमेकींना अडकल्या की त्याच बोलत राहतात, बाहेरून कुणी कितीही फोन करो, लागतच नाही. माझ्या डोक्यात तेच चालायचं. माझंच चुकलं, माझंच चुकलं. बिट्टी समोर उभी राहून हाका मारायची आणि माझ्यापर्यंत पोचायचीच नाही. आता पोचते. झालंय ते एवढंच.

आणि तुला काय खुपतंय तेही मला चांगलं ठाऊक आहे. आजारी होते तेव्हा तू काहीही बोललीस तरी मी 'माझंच चुकलं, ताई' म्हणायचे. तुला ते गोड वाटायचं. आता 'नाही' म्हणते, तर लगेच गोळ्या वाईट! अगं बाई, गोळ्यांनी नवीन काही आणलेलं नाही. लहानपणी तुझ्या वेण्या ओढायची ती मीच होते.

मला अंथरुणातून उठवत नव्हतं तेव्हा तू बिट्टीचं सगळं केलंस. खाऊपिऊ घातलंस, शाळेत पोचवलंस. ते मी नाकारत नाही. पण मी बरी झाल्यावरही 'राहू दे अजून थोडे दिवस' करत तू तिला ठेवूनच घेतलंस. तुला मूल नाही, मला कळतं. म्हणून माझं घ्यायचं? हे लिहायचं नव्हतं. लिहिलं. खोडणार नाही.

परवा तिने तुझ्या दुकानातून मला फोन केला, चोरून. मी बोर्डावरच होते. अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, तुझा माझ्याशी पण संबंध कमी झाला का गं?"

ताई, अख्ख्या कारखान्याचे फोन मी जोडून देते आणि माझ्या पोरीशी मला एक शब्द बोलता आला नाही. रडू फुटलं. माझा आवाज येईना म्हणून तिला वाटलं असणार, मीच फोन ठेवला, आणि तिनेही ठेवला. हेच लिहायला बसले होते. इतका वेळ नुसती भांडत राहिले, कारण हे लिहवत नव्हतं. तुझा इतका राग मला जन्मात आला नव्हता.

गोळ्या मी बंद करणार नाही. डॉक्टर म्हणतील तेव्हा, म्हणतील तशाच. रविवारी सकाळी येते. तिची बॅग भरून ठेव, शाळेचे बूट विसरू नकोस. भांडायचं असेल तर मनसोक्त भांडू, मला आता जमतं, पण तिच्यादेखत नाही. ती 'येत नाही' म्हणाली तर ओढून नेणार नाही. पायरीवर बसेन आणि पुढच्या रविवारी परत येईन.

खालच्या रेघेवर कापून उरलेला कागद तिला दे. वाचून दाखवू नकोस, तू काय ऐकतेस आणि काय सांगतेस ते पाहिलंय. तिला वाचता येतं.

अजून तरी तुझीच,
धाकटी

————————

बिट्टी,

फोन मी ठेवला नव्हता.

तुझी
आई