पावण्यांना गूळ-पाणी

१० ऑक्टोबर १९७४
आज कोल्हापुरात राहायला आले. खोली लहान, पण खिडकी मोठी आणि नळ दारातच. डॉक्टर चन्नवीर घरामागच्या शेडमध्ये पांढऱ्या उंदरांवर प्रयोग करतात. उंदरांचं दाणा-पाणी बघायचं, एवढंच माझं काम. डॉक्टरांकडं कानडी बोलतात, ते मला अक्का म्हणतात. खैरुनबी इथं आधीपासून पिंजरे धुते. ती आमच्या गडमुडशिंगीचीच, तिनंच मला आणलं. मी आल्या आल्या तिनं गूळ-पाणी पुढं केलं आणि जीभ चावून वाटी मागं घेतली. मी नुसतं पाणी प्यायले. मग दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसले.

माझी ओळख सांगताना तिनं ह्यांचं नाव घेतलं. मी कधीच घेतलं नाही. हे फार मागं लागायचे, एकदा तुझ्या तोंडानं घे की, म्हणायचे. मी पदर तोंडाला लावून पळायची. इथंही लिहिणार नाही.

१४ ऑक्टोबर
घंटा वाजते आणि जाळीला करंट येतो. मग नुसत्या घंटेनंही उंदीर कोपऱ्यात थरथरतात. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूतल्या एका धाग्याचा निरोप दुसऱ्याकडं रसायन नेतं. भ्यालो की असं एक रसायन सुटतं आणि ती आठवण घट्ट बसवतं. पुढं आठवण काढली की ती थोडा वेळ मऊ होते. त्याच वेळी औषधानं ते रसायन अडवलं तर ती भीतीशिवाय पुन्हा घट्ट होते.

मला हे पटलं. गुळाची ढेप पुन्हा चुलीवर ठेवली की वितळते, मग जशी ओताल तशी बसते. हे गुऱ्हाळावर गुळवे होते. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात टाकायचे, बोटांत वळून बघायचे, आणि ओली बोटं डाव्या कानाला पुसायचे. खोडच होती ती. दोन वर्षांपूर्वी उकळत्या काहिलीत पडले आणि गेले. तेव्हापासून गुळाचा वास आला की मला उभं राहवत नाही.

२ नोव्हेंबर
गुऱ्हाळं सुरू झाली. वारा इकडं वळला आणि माझ्या हातातून पिंजरा पडला. डॉक्टर म्हणाले, अशा हातांनी हे काम होणार नाही. परत जायचं तर दिराचं घर, त्याच्या भिंतीला गुऱ्हाळाची भिंत. मग त्यांनीच सुचवलं की वास घ्यायचा, घडलेलं आठवायचं आणि औषध घ्यायचं. मी हो म्हणाले.

दुपारी खोलीच्या दारात हे उभे होते. अंगावरून पाक निथळत होता. मी ओळखलं. ओळखलं आणि ह्यांच्या तोंडावर दार लावलं.

७ नोव्हेंबर
औषध सुरू आहे. हे रोज दुपारी येतात. मी सांगितल्याप्रमाणे बघते, आठवते, औषध घेते. आज छाती कमी धडधडली. दार उघडंच ठेवलं. उंबऱ्यावर चिकट पावलं उमटली होती, त्यांना मुंग्या लागल्या. खैरुननं पुसली. काकवी सांडून बसलीस, तुझा हात हाय का चाळण, म्हणाली.

१३ नोव्हेंबर
औषध दिलेला एक उंदीर आता घंटेला भीत नाही. तो खैरुनच्या बाहीत शिरायचा, आता तिच्याकडं येतही नाही. ती म्हणाली, भ्या गेलं ते बरं झालं, पर ह्यानं मलाबी पुसून टाकलं की गं. डॉक्टर म्हणतात, जाते ती फक्त भीती.
मी ह्यांचा आवाज आठवून बघितला. आला नाही.

१६ नोव्हेंबर
डॉक्टरांना सांगितलं, औषध नको, मी भिऊनच राहीन. ते म्हणाले, अक्का, चार दिवस झाले, नुसतं साखरपाणी देतोय.
म्हणजे आता आपोआपच. आठवलं की वितळतात, आणि पुन्हा घट्ट होताना कमी—
आठवायचं नाही. आठवले नाहीत तर राहतील.

१९ नोव्हेंबर
दाराकडं पाठ करून बसले. मागून वास. झुंबर, अशी माझ्या नावानं हाक. वळायचं नव्हतं. पण दोन वर्षांनी हाक— वळले.
बोटं कानाला पुसायचे. कुठल्या कानाला—

२१ नोव्हेंबर
मागच्या पानावर लिहिलंय, भिंतीला गुऱ्हाळाची भिंत. कुणाच्या? मी का भ्यायची—
खैरुन रडत होती. तिचं काय बिनसलंय कळेना.

२२ नोव्हेंबर
दुपारी कुणी पावणे आलेत. अंग निथळतंय. त्यांच्याबरोबर गुळाचा वास आहे, छान वाटतो. उन्हातून आलेले, म्हणून गूळ-पाणी दिलं. त्यांनी गुळाचा खडा पाण्यात बुडवला, बोटांत वळला, आणि ओली बोटं डाव्या कानाला पुसली. मला हसू आलं.
नाव विचारलं. आकाराम म्हणाले.
एकदा तुझ्या तोंडानं घे की, म्हणाले. पावण्यांचं मागणं ऐका. पण नाव घ्यायला काय जातं. घेतलं. आकाराम.
तर इतके रडायला लागले, की मी समोर बसून हे लिहितेय आणि अजून— घरी कोण असतं, विचारलं. म्हणाले, बायको होती, ती—