काठीने उचललेली साडी

धाकटे,

त्या सकाळी मी कपडे वाळत घालत होते. साथीच्या आजारातून तू बरी होऊन दवाखान्यातून आलीस, तेव्हा आता कुणाला धोका नाही, हा डॉक्टरांचा कागद मीच सगळ्यांना वाचून दाखवला होता. तरी दोरीवरची तुझी साडी मी काठीने बाजूला सारली. तू खिडकीतून म्हणालीस, "जाऊबाई, चावते का हो ती?" संध्याकाळी तू माहेरी निघून गेलीस.

महिन्याभरात हे त्याच आजाराने गेले. भेटायला आलेले दारातूनच परतले. तेव्हा मला तुझं दुःख कळलं. हे पत्र पाठवायचं मात्र धाडस नाही.

परवा शेजारची शिंपीण त्याच आजारातून बरी होऊन आली, तशी गल्लीने दारं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या पायरीवर जाऊन बसले. "चहा टाक की गं," म्हटलं.

"माझ्या हातचा?"

सगळ्यांदेखत प्यायले.

तुझी अपराधी,
थोरली जाऊ