फियाटमधल्या बातम्या

सोमवार, ११ नोव्हेंबर

रेडिओ गेला एकदाचा! फियाटच्या डॅशबोर्डवर आता नुसतं चौकोनी भोक आहे. ओंकारने स्क्रू काढले, वायरी ओढल्या, पेटी टॉवेलात गुंडाळली. दादा, माझा थोरला भाऊ आणि त्याचा बाप, शेजारीच उभा.

"हळू रं, त्येच्या आत काचा हायत."

"आबा, पुण्याचा माणूस जन्मभर हेच करतोय. होता तसा करून देईल."

होता तसा! आतलं सगळं काढायचं, तोंड तेवढं ठेवायचं आणि पोटात ब्लूटूथ बसवायचं, असं ठरलंय. ओंकारला ठाऊक, त्याच्या बायकोला, समीक्षाला ठाऊक, मला ठाऊक. दादाला सोडून सगळ्यांना.

लोणावळ्याच्या रिसॉर्टला गाडी हवी आहे. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, त्यांना जुनी गाडी लागते, आणि मोबाइलवरचं गाणं जुन्या रेडिओतून वाजलेलं लागतं. ओंकार तिथे कामाला आहे. गाडी आणलीस तर मॅनेजर करतो, असं मालक म्हणालाय.

अडचण एकच. गाडी दादाची. लोणावळ्यात ज्या शेठकडे तो ड्रायव्हर होता, त्यांच्या पश्चात शेठाणींनी ती त्याला देऊन टाकली. चावी त्याच्या करगोट्याला बांधलेली. आंघोळीलाही सोडत नाही.

बुधवार, १३ नोव्हेंबर

इंजिन कधीच मेलंय. तरी वहिनी गेल्यापासून दादा रोज सकाळी शेडमध्ये जाऊन स्टिअरिंगमागे बसतो. बॅटरी तेवढी फाट्यावरून चार्ज करून आणतो, रेडिओसाठी. आधी आरसा पुसायचा, वळवून नीट बसवायचा. मग रेडिओचं बटण फिरवायचं आणि तंबाखू मळायला घ्यायची. जुन्या रेडिओला तापायला वेळ लागे. चिमूट गालात गेली की आतून आवाज येई. हे इतकं ठरलेलं की घरातलं कोणी त्याच्याशी तेवढ्या वेळात बोलत नसे.

दिवाळीच्या आधी रेडिओ मुका झाला. आज तर तो जागेवरही नाही. तरी दादा त्या भोकापुढे बसून तंबाखू मळत होता. चिमूट गालात टाकली आणि वाट बघत बसला.

मी खिडकीतून पाहिलं. हसू आलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

पुण्याच्या कारागिराचा फोन. ओंकारने स्पीकरवर लावला.

"साहेब, हा चालू होतोय हो. एक काच बदलली की बोलेल. कशाला मोडताय?"

"तुम्ही मोडा."

दादा ओट्यावर शेंगा सोलत होता. "काय म्हन्ला?" "वेळ लागेल म्हणतोय, आबा."

रविवार, २४ नोव्हेंबर

आला. चकचकीत! वरची पट्टी, आकडे, काटा सगळं जिथल्या तिथे. आतली आतडी चिक्कीच्या रिकाम्या डब्यात भरून वेगळी दिली होती. समीक्षाने डबा उघडून दाखवला. काळवंडलेल्या काचेच्या नळ्या, वायरीचं भेंडोळं.

"काका, ठेवायचं का हे?"

मी नको म्हणालो. कचऱ्याच्या गाडीत गेला.

सोमवार, २५ नोव्हेंबर

दादाने आरसा पुसला, बटण फिरवलं आणि तंबाखूची डबी काढली. आम्ही तिघं शेडच्या मागे, पेरूखाली. शेड मागून उघडीच आहे. ओंकारने मोबाइलवर गाणं लावलं आणि रेडिओ खणखणीत वाजायला लागला. दादाच्या तळहातावर तंबाखू तशीच. त्याने रेडिओकडे पाहिलं. मग आरसा जरासा वळवला. मग तंबाखू डबीत परत टाकली.

बाहेर येऊन म्हणाला, "बरा झालाय."

जेवताना ओंकारने विषय काढला. "आबा, गाडी हितं सडतीय. लोणावळ्याला ठेवू, लोक बघतील, नाव निघेल तुमचं."

"म्या मेल्यावर न्या."

"आमचं नाहीतच ऐकायचे," समीक्षा नंतर भांडी आवरताना म्हणाली. "रेडिओचं मात्र ऐकतात." मग माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही पेपरात बातम्या लिहायचात ना?"

"लिहायचो."

"मग एक लिहा ना आबांसाठी. वाचते मी."

किती वर्षांनी कोणी मजकूर मागितला! कधीपर्यंत हवा, एवढंच विचारलं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

पहिलं बातमीपत्र. सरावासाठी साधंच लिहिलं. मावळात गारठा वाढला, तळेगावच्या भाजीबाजारात मेथी उतरली. शेवटी एक ओळ ओंकारच्या हट्टाखातर: 'ज्येष्ठ वाहनचालकांनी गाडीत बसताना टोपी घालावी.'

समीक्षा रिसॉर्टवर हळदीच्या कार्यक्रमांत माइक सांभाळते. पेरूखाली उभी राहून तिने मोबाइलमध्ये वाचलं. आवाज छान, ठाम. सरकारी वाटला.

दादा उतरला, घरात गेला, टोपी घालून परत येऊन बसला.

ओंकारने शालीचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मीही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

आज टोपी काढायला लावली. काढली.

शनिवार, ३० नोव्हेंबर

आज दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसायला लावलं. बसला. ओंकारची छकुली शाळेला निघाली होती, तिने विचारलं, आजोबा असे का बसलेत? ओंकार म्हणाला, "व्यायाम करतायत."

समीक्षा म्हणाली, आता पुरे, कामाचं लिहा. बरोबर आहे तिचं.

रविवार, १ डिसेंबर

कामाची बातमी. 'खासगी शेडमध्ये उभ्या असलेल्या जुन्या मोटारी ताब्यात घेऊन मोडीत काढण्यात येणार आहेत. हॉटेलांमध्ये शोभेसाठी ठेवलेल्या मोटारींना यातून सूट देण्यात आली आहे.' एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितल्याचं घातलं. त्याचं नाव घातलं नाही. खोट्या बातमीला नाव लागत नाही, हुद्दा लागतो. जुना हात आहे, विसरलेला नाही.

दादाने शेवटपर्यंत ऐकलं. बटण बंद केलं. बराच वेळ आतच बसून होता.

चावी दिली नाही.

मंगळवार, ३ डिसेंबर

दादा माझ्या खोलीत आला. एरवी येत नाही. कॉटच्या कडेला टेकला.

"मारुती, तू पेपरात हुतास. त्या गाड्या मोडायच्या म्हंत्यात, ते खरं असंल का रं?"

सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता. बाहेर समीक्षा चहा गाळत होती, गाळणीचा आवाज थांबला.

"रेडिओवर आलंय म्हणजे खरंच असणार, दादा."

"तुला वाटतं तसं?"

"वाटायचं काय त्यात? सरकारी बातमी आहे."

"व्हय," तो म्हणाला. "तू म्हंतोस म्हंजी खरंच."

उठताना गुडघे धरून उठला. मी हात दिला नाही. चहा आला, तो घेतला. आलं जास्त होतं.

गुरुवार, ५ डिसेंबर

ओंकारला घाई झालीय. रविवारी नाशिकचं जोडपं येतंय. "काका, जरा कडक लिहा. आबा स्वतःसाठी घाबरत नाहीत."

"मग कोणासाठी घाबरतात?"

"माझ्यासाठी."

मग तेच लिहिलं. 'मोटार लपवून ठेवणाऱ्यांच्या घरातील कर्त्या व्यक्तीस अटक करण्यात येईल. अशी कारवाई या आठवड्यात मावळ तालुक्यात सुरू होत आहे.' चहा गार व्हायच्या आत लिहून झालं. ओंकारने वाचलं आणि माझी पाठ थोपटली. माझ्या पुतण्याने, माझी!

समीक्षा वाचताना 'कर्त्या व्यक्तीस' वर जरा अडखळली. पण निभावलं. दादाने मान आरशाकडे वर केली होती, तशीच ठेवून ऐकलं.

शुक्रवार, ६ डिसेंबर

चावी मिळाली!

सकाळी दादाने समीक्षाकडून कात्री मागून घेतली. ओट्यावर बसून सदरा वर केला आणि करगोटा कापला. कमरेला पांढरा वळ होता. चावी काढली. ओंकार हात पुढे करून उभा होता. दादाने त्याला ओलांडलं आणि ती माझ्या तळहातावर ठेवली. वर माझी बोटं मिटवली.

मी लगेच ओंकारला दिली.

रविवार, ८ डिसेंबर

काल टोचन लावून गाडी नेली. चिंचोळ्या बोळातून काढताना ओंकार ओरडत होता, "डावीकडं, डावीकडं!" ज्याने ती गाडी खंडाळ्याच्या घाटात हजारदा चढवली-उतरवली, त्या दादाला कोणी काही विचारलं नाही.

आज समीक्षाने फोटो दाखवले. नवरी बॉनेटवर बसलेली, नवरा रेडिओच्या बटणाला हात लावून हसतोय. ओंकार रात्री चिक्की घेऊन आला. मॅनेजरचं पक्कं झालं. दादाने चिक्कीचा तुकडा हातात घेतला, दात नाहीत म्हणाला, छकुलीला दिला.

दिवसभर तो रिकाम्या शेडमध्ये स्टूल टाकून बसला होता. गाडी उभी असायची तिथे तेलाचा डाग आहे, त्याच्याकडे तोंड करून.

सोमवार, ९ डिसेंबर

रिसॉर्टच्या मालकाला हॉटेलच्या पत्रकासाठी गाडीबद्दल मजकूर हवाय. गुरुवारपर्यंत. हो म्हटलं.

मंगळवार, १० डिसेंबर

पत्रकासाठी माहिती हवी होती म्हणून शेडमध्ये गेलो. शेठनी गाडी कधी घेतली, विचारलं. दादा तंबाखू मळत राहिला. चिमूट गालात टाकून झाल्यावर म्हणाला, "पयल्या दिशीच कळलं हुतं. तंबाखू मळायच्या आत बोलला. माजा रेडिओ असा न्हवता."

मी लिहायची वही मिटली.

"आन् तुमी तिगं आरशात दिसत हुता. पेरूखाली. डायवर मानूस हाय म्या, मारुती. मागचं बगूनच बसतो."

"मग टोपी का घातलीस? रोज ऐकत का बसलास? चावी माझ्याच हातात का दिलीस?"

"तू कवा थांबतोस ते बगत हुतो."