शेंड्यावरचं पांढरं

आई, तुला आणि बाबांना नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, खोलीही कोरडी आहे. बाबांचा गुडघा आता कसा आहे?

एक सांगायचंय, ओरडू नकोस. मी कामाला आहे त्या बागेत हिरवळीच्या मधोमध एकच झाड लावलंय, माझ्या खांद्याएवढं, पाइनच्या भावकीतलं. माळीकाका म्हणतात, डायनासोरच्या वेळचं आहे, जगात अशी थोडीच उरलीत. सोमवारी त्याच्या शेंड्यावर पांढरं काहीतरी दिसलं. मला वाटलं, आपल्या जास्वंदीवर पडते तशी कीड असेल. म्हणून तू करतेस तसं साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून सगळं पुसून काढलं. शाबासकी मिळेल असं वाटलेलं.

काल काका पाहुण्यांना सांगत होते, "थंडीत हे शेंड्यावर मेणाची टोपी घालतं. ती गेली की शेंडा करपलाच म्हणून समजा." मग मी तू विणलेली टोपी त्याला घातली.

आज काकांनी विचारलं, "झाडाला टोपी कुणी घातली गं?" माझ्याबरोबर काम करणाऱ्या सगळ्या हसल्या. मी कमी बोलते म्हणून त्या मला मुकी म्हणतात. एक म्हणाली, "मुकीला विचारा, ती लगेच सांगेल!" मी खाली मान घालून पानं गोळा करत राहिले.

टोपीखालून शेंडा जरा तपकिरी दिसतोय, आई. मला फार भीती वाटते. कामावरून काढलं तर घरी कुठल्या तोंडाने येऊ?

काका आता झाडापाशी एकटेच उभे आहेत. पत्र इथेच थांबवते, मी जाते सांगायला.

तुझी,
धाकटी