दुसऱ्या बरणीतला कार्डिनल

आबा, तुमच्याच स्टुलावर बसून लिहितेय. जळगावच्या या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये तुम्ही शिपाई होतात. तुमच्या मागे ती जागा अनुकंपा तत्त्वावर मला मिळाली, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. समुद्र कधी न पाहिलेले तुम्ही, बरणीतल्या माशांची बडदास्त पाहुण्यांसारखी ठेवायचात. आता ती मी ठेवते. इतकी वर्षं झाली, फॉर्मालिननं डोळे चुरचुरायचे थांबत नाहीत.

माझी बी.एस्सी.ची शेवटची प्रॅक्टिकल. टेबलावर बरण्या मांडलेल्या, घंटा वाजली की पुढे सरकायचं, नाव आणि ओळखीच्या खुणा लिहायच्या. प्रवाळात राहणारे, रात्री बाहेर पडणारे दोन छोटे लाल मासे, कार्डिनल आणि स्क्विरल. फॉर्मालिनमध्ये दोघेही पांढरेफटक. आम्ही बरणीवरूनच ओळखायचो. टवका उडालेल्या झाकणाची ती स्क्विरलची. ते झाकण दिसतं आणि मी लिहून मोकळी होते: गालावर काटा, पाठीवर सलग पर. माशाकडे पाहतसुद्धा नाही. तुम्ही दाराशी उभे, भिंतीकडे तोंड करून.

घरी कळलं, आदल्या संध्याकाळी तुम्हीच त्या दोन बरण्यांतल्या माशांची अदलाबदल केली होती. मी ताट सरकवलं. तुम्ही भाकर मोडत म्हणालात, "लोके म्हनतीन, बापनी पोरीले सांगी दिन्हं. मासा देखाले जोयजे व्हता माय, बरनी नही." निम्मी बॅच फसली, पण त्यांना कुठे जायचं होतं? माझा कोकणातल्या कॉलेजातला एम.एस्सी.चा प्रवेश थोडक्यात हुकला. पुढल्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसणार होते, तर तुम्हीच गेलात. मग आई, दोन धाकटे भाऊ आणि ही लॅब. बापाच्या सचोटीपायी मी इथे अडकले, असं मी येईल त्याला सांगत आले.

पुढे फॉर्मालिन बदलताना तो कार्डिनल पहिल्यांदा हातात घेतला. डोक्याच्या मानानं मोठाले डोळे, पाठीवर दोन सुटे पर, गालावर काटा नाहीच. शाळेतल्या पोरानंही ओळखला असता. यातला नर अंडी तोंडात धरतो, पिल्लं सुटेपर्यंत काही खात नाही, असं सर शिकवायचे. मला त्या माशाचाही राग आला. तो निदान सोडतो तरी, आबा.

रुजू झाले त्या दिवशी मी इथेच ढसाढसा रडले. सर म्हणाले, "वडिलांची आठवण येतेय पोरीला." मी मान हलवली. खरं सांगते, तुमची आठवणसुद्धा आली नव्हती. मी माझ्यासाठी रडत होते.