दृष्ट कोणाची काढली?

७ जानेवारी, मंगळवार

लक्ष्मीच्या दंडावर काळंनिळं. पदर सरकला तेव्हा दिसलं. विचारलं तर म्हणे, ‘‘कपाटाचा कोपरा लागला.’’ — कपाटाचा कोपरा दंडाला लागला तर लागला, पायालाही लागला काय? कालपासून डावा पाय ओढतेय. जन्मभर मी एसटी चालवली. इंजिनाचा आवाज जरा बदलला की कळायचं मला. बायकोची चाल बदललेली कळणार नाही होय!

महिपतदादाचं असंच झालं. न्हाणीत पडला, कोणाला बोलला नाही. मग परत पडला तेव्हा खुब्याचं हाड मोडलं. अंथरुणाला लागला तो उठलाच नाही. दिवाळीच्या आधी गेला. माझा सख्खा थोरला भाऊ, शेजारच्या इमारतीत राहायचा, आणि पहिल्यांदा पडलेला ते मला तो गेल्यावर कळलं. आता ही पण तशीच गप्प बसली तर मी काय करायचं?

९ जानेवारी, गुरुवार

गावदेवीच्या हॉलमध्ये आज दवाखान्याची बाई आलेली. समीक्षा नाव. फिजिओथेरपिस्ट — म्हणजे व्यायामाची डॉक्टर. डोंबिवलीहून येते, तिथल्या मानपाड्याची. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून दर गुरुवारी शिकवणार. देवळाच्या मंडळाचा अध्यक्ष साईनाथ, त्याने घरोघर फिरून आम्हाला गोळा केलं. बाळकुम गावातली जुनी आगरी घरं जवळजवळ सगळी आली.

पोरीने सरळ विचारलं, ‘‘गेल्या वर्षभरात कोण कोण पडलं?’’

कोणी बोलेना. साईनाथ म्हणाला, ‘‘आमची माणसं मजबूत, मॅडम. मिठागरात चिखल तुडवलेली.’’ सगळे हसले. मी लक्ष्मीकडे बघितलं. ती देवीकडे बघत होती.

सगळं खोटं. पण बोलणार कोण? पडलो म्हटलं की दुसऱ्या दिवशी मुलगा सांगणार, ‘आई, आता लिफ्टने पण खाली जायचं नाही.’ मग बाजार बंद, देऊळ बंद, शेजार बंद. त्यापेक्षा लंगडत चाललेलं बरं.

१० जानेवारी

परत विचारलं. परत कपाट.

१६ जानेवारी, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

निम्मीच माणसं आली. समीक्षाने खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितलं. गंगुबाई म्हणाली, ‘‘उठायला शिकवायला डॉक्टर कशाला लागतं?’’ आणि तिलाच उठता येईना! तीच आधी हसली, मग आम्ही.

शेवटी समीक्षा लक्ष्मीच्या शेजारी येऊन बसली. दमलेली दिसली. म्हणाली, ‘‘मावशी, मला कोणी खरं सांगत नाही हो. कोण पडलं तेच कळलं नाही तर मी मदत कोणाला करू?’’

लक्ष्मीने तिच्या हातावर थोपटलं. मग उठली, डोक्यावर पदर घेतला नि सगळ्यांना म्हणाली, ‘‘ही इचारते त्याचं नका सांगू. मी इचारते त्याचं सांगा. या वर्षात मी कोनाकोनाची दिष्ट काढली? हात वर करा.’’

मी चाटच पडलो.

आमच्या गावात दृष्ट काढायला माणसं हिच्याकडेच येतात. मीठ, मिरच्या, मोहरी. पोर जेवत नाही, नवरी फिकी पडली, नवीन गाडी आणली — हिच्याकडे. आणि कोणी पडलं, की कोणाची तरी नजर लागली म्हणून हमखास हिच्याकडे. पण दृष्ट काढली की त्यावर बोलायचं नाही, नाहीतर उतरत नाही, अशी रीत. म्हणजे गावात जे जे पडलं ते सगळं हिच्या पोटात!

पहिला हात गंगुबाईचा. मग मागच्या रांगेतून दोन. मग भिंतीकडचा रामा. मग हळूहळू अर्धा हॉल. शेवटी खुद्द साईनाथ. ‘‘मजबूत माणूस,’’ मी म्हटलं, तर हॉलभर हशा. समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

हिने स्वतःचा हात काही वर केला नाही.

१७ जानेवारी

चहाला विचारलं, ‘‘सगळ्यांची तू काढतेस. तुझी कोण काढतं?’’

‘‘माझी कोन काढनार,’’ म्हणाली. मग बशीत बघत म्हणाली, ‘‘मोठ्या भावजींची पन मीच काढलेली. पयल्यांदा न्हानीत परले तवा. सांगू नको म्हनाले. मी नाय सांगितलं.’’

कप ठेवला आणि घराबाहेर पडलो. खोपटच्या स्टँडवर जाऊन बसलो. ओळखीचा कंडक्टर भेटला, चहा पाजत होता, नको म्हटलं. दादाचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना.

१८ जानेवारी

बोललो नाही.

१९ जानेवारी, रविवार

तिने चिंबोऱ्यांचं कालवण केलं. जेवलो. काय करणार? दादाला काही तिने ढकललं नाही. अख्खं गाव तोंडाला कुलूप लावून बसलेलं, त्यात तिच्या एकटीवर का रागवायचं? आणि गुरुवारी ते कुलूप काढलं कोणी? तिनेच. दादा गेला म्हणून काढलं, हे मला आज भात कालवताना कळलं. तिला म्हटलं, ‘‘बरं केलंस.’’ तिने आणखी एक नांगी माझ्या ताटात वाढली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आता लक्ष्मी नि समीक्षा, दोघींची जोडी जमलीय. कोणी पडलं की लक्ष्मीकडे येतं. ती आधी दृष्ट काढते — त्यात काही सूट नाही! — आणि मग त्यालाच विचारते, ‘‘डॉक्टरला सांगू ना?’’ हो म्हटलं की समीक्षाला फोन. दोघी त्या घरी जातात. कुठे पडलात, दाखवा.

गंगुबाईच्या घरी काय सापडलं? गाऊन! जमिनी गेल्या, बिल्डरने फ्लॅट दिले, आरशासारख्या लाद्या आल्या आणि सुनांनी सोयीसाठी सासवांना गाऊन घातले. जन्मभर गुडघ्यावर लुगडं खोचून शेतात नि मिठागरात फिरलेली बाई. तिच्या पायात कापड कधी आलंच नव्हतं. आता घोट्याशी हा एवढा घोळ. समीक्षाने दाखवलं, लक्ष्मीने तिथल्या तिथे कात्री मागितली आणि गाऊन वीतभर कापला. गंगुबाईने शिव्या घातल्या, मग चालून बघितलं, मग दुसरा गाऊन पण आणून दिला.

साईनाथचं वेगळंच. बिछान्यातून उठला की त्याला भोवळ यायची. तो म्हणायचा, नजर. समीक्षाने उठल्यावर प्रेशर मोजलं आणि त्याला डॉक्टरकडे पाठवलं. गोळ्या बदलल्या, भोवळ थांबली. आता गावभर सांगत सुटलाय, ‘‘दिष्ट पन काढा नि प्रेशर पन बघा.’’

आमच्याही न्हाणीत धरायला दांडा बसवून घेतला. त्याला लक्ष्मी आपला टॉवेल वाळत घालते.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. आमच्या बायकांनी होळीभोवती फेर धरला, आणि मधे कोण? समीक्षा! मागे एकदा हॉलमध्ये बायकांनी तिला फेराची पावलं दाखवलेली. तेव्हापासून व्यायामात फेर धरायला लावते. एका पायावर तोल, आडवं पाऊल, वळण — सगळं त्यात आहे म्हणे. खुर्चीवरचा व्यायाम टाळणाऱ्या म्हाताऱ्या फेराला पळत येतात. गंगुबाई काल थांबायलाच तयार नव्हती.

बघताना मला भरून आलं. त्या पोरीचे उपकार आहेत आमच्यावर. आपल्या गावची नाही, नात्याची नाही. दोन बस बदलून येते आणि आमच्या म्हाताऱ्यांचे पाय हातात घेऊन बघते. घरी जाताना तिला पुरणपोळ्या बांधून दिल्या. आणि आमच्या हिचे उपकार. ते कधी बोललो नाही, इथे लिहितो.

एकच सलतं. परवा ही परत कंबर धरून चालत होती. विचारलं. ‘‘काय नाय.’’ गावाला बोलतं केलं आणि स्वतः मुकी! ती पडेल याची भीती आता कमी झालीय. पडून गप्प राहील, दादासारखी, ती भीती जात नाही. ते मला कळलंच नाही तर?

२७ मार्च, गुरुवार

तिला सरळ म्हटलं, ‘‘अगं, तुला काय झालं तर मी एकटा काय करू?’’ ती भाजी निवडत होती. निवडत राहिली.

१० एप्रिल, गुरुवार

सकाळी लक्ष्मी पडली. स्वयंपाकघरात, सांडलेल्या पाण्यावर. मनगट मुरगळलंय, हाड शाबूत आहे, एक्स-रे काढून आणला.

मी गॅलरीत पेपर वाचत होतो. आतून हाक आली — ‘‘पंढरी! ए पंढरी! धाव, मी परले!’’

लग्नाला पन्नास वर्षं झाली. आजवर माझं नाव तिने घेतलं ते फक्त उखाण्यात. आज अख्ख्या मजल्याने ऐकलं.