तुझ्या सासरजवळचं कॉलेज

ताई,

"हेच लॉ कॉलेज का?" असं प्रवेशाच्या मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी ग्रंथालयाचं कौतुक केलं. खरं कारण तू होतीस. इथे तळमजल्यावर मोफत कायदेसल्ल्याची खोली आहे आणि ती तुझ्या सासरहून चालत येण्यासारखी आहे. म्हणून नावाजलेल्या कॉलेजवर मी पाणी सोडलं.

भावजींच्या मारहाणीची तुझी तक्रार मीच तिथे बसून लिहिली. काल तू ती मागे घ्यायला आलीस, त्यांनाच सोबत घेऊन.

"काय मेहुणीबाई, घरं फोडायची पदवी देतात का इथे?" ते म्हणाले.

बाही मनगटापर्यंत ओढत तू हसलीस.

मी अर्ज लिहिला, चूक नको म्हणून दोनदा वाचून दाखवला. मीच शिकवलेली सही तू त्याखाली केलीस. अक्षर छान आलं होतं.

तुझी,
घरातली एकटी शिकलेली